मातीला जात नसते म्हणतात, मग फाटकाला का असते? : लातूर १९६९, नांदेड २००१ आणि आपण

"मातीला जात नसते!" प्रत्येक दंगलीत लाऊडस्पीकरवरून हे वाक्य येतेच. निलंगा, औसा, कंधार, लोहा या पट्ट्यात वाढलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने ते ऐकलेले आहे. वाक्य ऐकायला चांगले आहे. टाळ्याही पडतात. पण बोलणाऱ्याच्या पायाशी हलगी घेऊन उभा असलेला माणूस कोण आहे, ज्याच्या हाताने नारळ फुटतो तो कोण आहे आणि जोड लावताना पोराला आडनाव का विचारले जाते, हे प्रश्न टाळ्यांच्या आवाजात विरून जातात.

आमच्यातल्या एकाचा अनुभव सांगतो. वय असेल बारा-तेरा. गावच्या यात्रेत रेवड्यांच्या कुस्त्या चालू होत्या. पोरगा लंगोट लावून हौद्याच्या कडेला उभा राहिला. पंचाने विचारले, "कोणाचा रे तू?" पोराने बापाचे नाव सांगितले. पंच हसला आणि म्हणाला, "तुझी जोड नाही आली आज." त्याच्याच वयाची, त्याच्याच अंगाची चार पोरे समोर उभी होती. जोड होती, पण लावायची नव्हती. शिवी नाही, मारहाण नाही, गुन्हा दाखल करावा असे काही नाही. पोरगा कपडे घालून घरी आला आणि पुन्हा कधी मातीत उतरला नाही.

म्हणून आम्ही ठरवले की मराठवाड्यातल्या कुस्तीच्या मोठ्या सोहळ्यांचा इतिहास आपल्या बाजूने एकदा मांडायचा. पैलवानांची नावे, गदा आणि फेटे यांचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. मैदानात कोण शिरू शकत होते आणि कोणत्या हक्काने, हे फार कुणी सांगत नाही.

दोन स्पर्धा, मध्ये बत्तीस वर्षे

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. पहिलीच स्पर्धा मराठवाड्यात, औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. १९६९ साली ही स्पर्धा लातूरला आली. त्या वर्षी हरिश्चंद्र बिराजदार जिंकले. ते निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, म्हणजे घरच्या मातीतलेच. पुढच्याच वर्षी, १९७० साली, एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि १९७२ साली ते 'रुस्तम-ए-हिंद' झाले. लातूर भागातल्या जुन्या माणसांकडे आजही त्यांचे नाव काढले की चेहरा फुलतो.

त्यानंतर २००१ साली स्पर्धा नांदेडला झाली. राहुल काळभोर विजयी झाले. अलीकडे २०१८ साली जालना आणि २०२३ साली धाराशिव येथेही महाराष्ट्र केसरीचे मैदान भरले.

अशी स्पर्धा शहरात येते तेव्हा काय होते, हे वेगळे सांगायला नको. एसटी स्टँड भरून वाहतो. लॉज, खानावळी, चहाच्या टपऱ्या रात्रभर चालतात. गावोगावचे लोक धोतर-फेट्यात, पटका बांधून, भाकरीचे गाठोडे घेऊन येतात. चार दिवस शहराची लोकसंख्या वाढल्यासारखी वाटते. व्यापाऱ्यांचा धंदा होतो, पुढाऱ्यांचे फलक लागतात. या गर्दीत आपले लोकही असतात. हमाल म्हणून, रिक्षावाले म्हणून, मंडप घालणारे, माती चाळणारे, हलगी वाजवणारे म्हणून. आणि हो, शौकीन प्रेक्षक म्हणूनसुद्धा. आपल्या वस्तीत कुस्तीचे वेड नव्हते असे कुणी म्हणू नये. वेड होते. दार नव्हते.

गर्दीत बसण्याचा हक्कसुद्धा फुकट मिळालेला नाही

प्रेक्षक म्हणून मैदानात बसणे ही आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. ती साधी नव्हती.

मुंबई इलाख्यात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला. सरकारी पैशावर चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अशी सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने तो मान्य केला, पण अंमल झाला नाही. म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण नांदेड आणि लातूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होते. बोले ठराव इथे लागू नव्हता. इथल्या आपल्या आजोबा-पणजोबांसाठी गावचे पाटील-देशमुख हेच सरकार होते. वर निजामाची सत्ता आणि खाली जातीची सत्ता, या दोन दगडांमध्ये माणूस भरडला जात होता.

याच मुलखात फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः तिथे आले. कसबे तडवळे हे बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावरचे गाव. ही छोटी रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली होती. लातूरच्या गंजाची भरभराट झाली ती याच रेल्वेने. पुढे सोलापूर, बार्शीकडून लातूरला कुस्त्या बघायला येणाऱ्या माणसांची सोय याच रुळांनी केली. आणि मुक्तीचा विचार घेऊन येणारा माणूसही याच रुळांच्या वाटेवरच्या गावात उतरला होता. इतिहासाची ही बाजू लातूरच्या कुस्तीप्रेमींना कुणी सांगितली आहे का?

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले. त्यातले कलम १५ (२) प्रत्येक कार्यकर्त्याने उघडून वाचावे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या बरोबरीने त्यात 'सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे' असा स्पष्ट उल्लेख आहे. विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि लोकांच्या वापरासाठी असलेल्या जागाही आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून तिथे कुणालाही अडवता येणार नाही. कुस्तीचे मैदान म्हणजे सार्वजनिक करमणुकीचे ठिकाण. महाडचे तळे आणि लातूरचे मैदान ही एकाच कलमात शेजारी बसली आहेत. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, जो पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला गेला, असे अडवणे हा गुन्हा ठरवला.

आता १९६९ च्या लातूरकडे पुन्हा बघा. त्या गर्दीतला वीस वर्षांचा तरुण म्हणजे संविधानाबरोबर जन्मलेली पिढी. त्या पिढीतल्या आपल्या माणसाला शहरातल्या मैदानात शेजाऱ्याने जात विचारली नसेल, कारण शहरात शेजारी अनोळखी असतो. गावात तसे नसते. गावच्या यात्रेत कोण कुठे बसतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. बाबासाहेब गाव सोडा, शहराकडे चला असे का सांगत होते, याचे एक उत्तर या गर्दीत आहे. गर्दीने आपल्याला अनोळखी होण्याची मोकळीक दिली.

पण थांबा. अनोळखी असल्यामुळे मिळालेली जागा आणि माणूस म्हणून मिळालेली जागा यांत फरक आहे. खरे नाव, खरी वस्ती सांगितल्यावरही ती जागा टिकली तरच ती आपली.

हौद्याच्या आतला हिशेब

प्रेक्षकांच्या कडेवरून आत हौद्यात उतरू. तिथला हिशेब आणखी कडक आहे.

क्रिकेटमध्ये चेंडू मध्ये असतो. पळवणकर बाळू यांच्यासारखा चर्मकार समाजातला गोलंदाज हिंदूंच्या संघाला हवा होता, कारण त्याच्याशिवाय इंग्रजांना हरवता येत नव्हते. पण पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जात असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले, तेही बऱ्याच वादानंतर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले, आणि ते हरले. मैदानावर कर्णधारपद नाकारायचे आणि आपल्याच नेत्याविरुद्ध वापरायला मात्र पुढे करायचे, ही प्रस्थापितांची जुनी खोड आहे.

कुस्तीत तर चेंडूही नाही. अंगाला अंग, घामाला घाम. ज्या समाजाची सगळी उतरंड शिवाशिवीवर उभी होती, त्या समाजात कुस्ती हा सगळ्यात अवघड खेळ होता. म्हणून तर हौद्याच्या दारावर पहारा जास्त होता. 'मातीला जात नसते' हे वाक्य खरे असते, तर ते इतक्या वेळा सांगावे लागले नसते.

दुसरी गोष्ट खुराकाची. पैलवान तयार होतो तो दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण यांवर. सकाळ-संध्याकाळ तालीम करायची तर दिवसभर रोजंदारीला जाता येत नाही. म्हणजे घरात शेती हवी, म्हैस हवी, किंवा पोसणारा कुणीतरी हवा. भूमिहीन शेतमजुराच्या पोराकडे यातले काहीच नव्हते. त्याच्याकडे ताकद होती. ती ज्वारीच्या कणसांच्या ओझ्याखाली आणि साखर कारखान्याच्या फडात खर्च झाली.

तिसरी गोष्ट आश्रयदात्याची. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराज होते. त्यांनी तालमींना आधार दिला, पैलवान पोसले, १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले. तेच शाहू महाराज १९२० साली माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. आमच्या बिराजदारांनाही घडायला कोल्हापूरलाच जावे लागले. मराठवाड्याला शाहू महाराज मिळाले नाहीत. इथे कुस्तीचा आश्रयदाता म्हणजे गावची यात्रा कमिटी. वर्गणी गोळा करणारे ते, इनाम ठरवणारे ते, जोड लावणारे ते. त्यामुळे गावातली सत्ता जशीच्या तशी हौद्यात उतरली.

आणि चौथी गोष्ट हलगीची. हलगीशिवाय कुस्तीला रंग चढत नाही. पैलवान सलामी देतो ती हलगीच्या ठेक्यावर. हे वाजवणारे हात बहुतेक मातंग समाजाचे. कुस्ती चितपट झाली की विजेत्याला फेटा आणि हलगीवाल्याच्या अंगावर दहा-वीसच्या नोटा. पैलवानाचे मानधन, पंचाचे मानधन कागदावर येते. हलगीवाल्याचे 'खुशी' या नावाने हवेत राहते. १९५६ नंतर आपल्या लोकांनी गावकीची कामे टाकली तेव्हा अनेक गावांनी बहिष्कार टाकले. काम लादलेले होते म्हणून ते टाकणे बरोबरच होते. पण आज जो कलावंत स्वतःच्या इच्छेने हलगी वाजवतो, त्याला खुशी नको, करार हवा. कला आणि वेठ यांत हाच फरक आहे.

जिथे नियम आला तिथे दार किलकिले झाले

आम्ही सगळेच काळे आहे असे म्हणत नाही. इतिहास प्रामाणिकपणे बघायचा तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गावच्या दंगलीपेक्षा महाराष्ट्र केसरीसारख्या नियमबद्ध स्पर्धेत दार जास्त उघडले. तिथे वजनकाटा असतो, नावनोंदणी असते, जिल्ह्यातून निवड होते, गुण मोजले जातात. पंचाच्या मनात काही असले तरी कागद त्याचा हात धरतो. विजेत्यांची यादी बघा. १९७२ आणि १९७३ चे लक्ष्मण वडार, १९८० चे इस्माईल शेख, १९९२ चे आप्पालाल शेख, २००२ चे मुन्नालाल शेख, २०१८ चे बाला रफिक शेख. वडार आणि मुस्लिम घरांतली पोरे राज्याची गदा घेऊन उभी राहिली. २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली.

यातून आपण काय शिकायचे? माणसांची मने बदलण्याची वाट बघत बसलो असतो तर ही यादी अशी झाली नसती. नियम लिहिले गेले, नोंद झाली, म्हणून फरक पडला. बाबासाहेबांनी आयुष्यभर हेच सांगितले. हक्क मोठ्या मनाच्या माणसाच्या भरवशावर सोडायचा नसतो. तो लिहून घ्यायचा असतो.

तरीही त्याच यादीत आपल्या वस्त्यांमधली, बौद्ध आणि मातंग घरांतली नावे शोधायला गेलो तर हात रिकामेच येतात. कारण स्पर्धेचा नियम शेवटच्या दाराला लागतो. पहिले दार गावातल्या तालमीचे आहे, आणि तिथे अजून नियम पोहोचलेला नाही.

लातूर आणि नांदेडच्या मध्ये काय घडले?

१९६९ चे लातूर आणि २००१ चे नांदेड. या दोन मैदानांच्या मध्ये मराठवाड्यात काय घडले, हे कुस्तीच्या स्मरणिकेत सापडणार नाही.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या गावांमध्ये आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांचा ४ ऑगस्ट १९७८ ला खून झाला. ज्या पंचक्रोशीतले लोक नऊ वर्षांपूर्वी एका मैदानात खांद्याला खांदा लावून बसले होते, त्याच पंचक्रोशीत हे घडले. चार दिवस एकत्र टाळ्या वाजवल्याने माणसे एक होत नाहीत, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पुढे सोळा वर्षे लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आले. आणि २००१ साली त्याच नांदेडमध्ये महाराष्ट्र केसरीची गदा उचलली गेली, शहराने जल्लोष केला. जल्लोषाला आमचा विरोध नाही. पण ज्या शहरात आपला माणूस एका नावासाठी जळून गेला, त्या शहरात आठ वर्षांनी भरलेल्या मैदानाचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येणार नाही.

आणि हे जुने झाले असेही समजू नका. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ ला आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केली याचा राग त्यामागे होता, अशी फिर्याद आहे. जिंकलेल्या पैलवानाची मिरवणूक गावच्या मुख्य रस्त्याने वाजत जाते. भीमजयंतीची मिरवणूक मात्र कुठल्या रस्त्याने जाणार, यावर बैठका बसतात. रस्ता एकच, संविधानाचे कलमही एकच.

नांदेडकडूनच घेण्यासारखी एक गोष्ट

याच नांदेडमध्ये दरवर्षी गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा होते. देशभरातून संघ येतात. बाहेरगावचा माणूस गुरुद्वारात गेला की लंगरच्या पंगतीत बसतो, आणि शेजारी कोण आहे हे कुणी विचारत नाही. १९३६ साली बाबासाहेबांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला होता, अमृतसरच्या शीख परिषदेलाही ते गेले होते. शिखांमध्ये जात उरलेलीच नाही असा आमचा दावा नाही. पण हजारो पाहुण्यांना एका पंगतीत बसवण्याची व्यवस्था एक शहर शेकडो वर्षे चालवू शकते, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. म्हणजे 'इतक्या गर्दीत कोण बघणार' ही यात्रा कमिट्यांची सबब खोटी आहे. ठरवले तर जमते.

मग आपण काय करायचे?

लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, कुस्त्यांची दंगल आणि भटक्या-विमुक्तांचा मोठा मेळा. एकेकाळी अनेक भटक्या जमातींच्या जातपंचायती इथे बसत आणि माणसांना वाळीत टाकत. २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने तो आता गुन्हा आहे. या यात्रेच्या आयोजनात जिल्हा परिषद असते. म्हणजे सार्वजनिक पैसा असतो. जिथे सार्वजनिक पैसा तिथे आपल्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. तेव्हा तरुण मित्रांनो, भावनेवर न थांबता ही कामे हातात घ्या.

एक, आपल्या जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतीला माहिती अधिकारात विचारा, यात्रेतल्या कुस्त्यांवर किती खर्च झाला, इनाम कुणाला, हलगीवाल्यांना किती आणि कशाच्या पावतीवर. स्वउत्पन्नातला जिल्हा परिषदेचा २० टक्के आणि ग्रामपंचायतीचा १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून वस्तीत तालीम का होत नाही, हेही विचारा.

दोन, दंगलीत नावनोंदणी लेखी आणि वजनावर व्हावी, अशी मागणी करा. जोड वजनाने लागू द्या, आडनावाने नको.

तीन, समाजकल्याणच्या वसतिगृहांमध्ये कुस्तीची गादी, प्रशिक्षक आणि खुराक भत्ता मागा. मुलींसाठीही.

चार, वस्तीतल्या जुन्या माणसांना भेटा. १९६९ ला लातूरला कोण गेले होते, कुठे बसले होते, परत आल्यावर गावात काय सांगितले, हे लिहून घ्या. ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यासोबत हा इतिहास गेला तर पुढच्या स्मरणिकेत फक्त गदा आणि फेटे उरतील.

आमचा तो मित्र आज पन्नाशीला आला आहे. कुस्ती लागली की अजूनही मैदानात जातो, कडेला उभा राहून बघतो. गेल्या वर्षी त्याचा पुतण्या शालेय कुस्तीत जिल्ह्याला गेला. वजनकाट्यावर उभा राहिला, नोंद झाली, जोड लागली. पहिल्याच फेरीत हरला. मित्र म्हणाला, "हरला त्याचं काही नाही. कुणी कोणाचा म्हणून विचारलं नाही, वजन विचारलं."

हरण्याचाही हक्क असतो. तो त्याच्या काकाला मिळाला नव्हता.

जय भीम!